चौथ्या मजल्यावरचं पाणी

शारजात, अल नाहदाच्या मागल्या गल्लीत,
मंगळवारी दुपारी सव्वातीनला पाऊस आला.
न कळवता. ऑफिसच्या वेळेत.

आधी कुणाला पत्ताच नाही.
रेवा म्हणाली, "आई, वरच्यांचा एसी गळतोय."
सात वर्षांची आहे, जन्म इथलाच.
मग खिडकीशी गेली, बराच वेळ पाहिलं,
आणि विचारलं,
"हे बंद कुठून करायचं?"

समोरच्या इमारतीच्या काचा सरकल्या,
प्रत्येकीतून एकेक हात बाहेर आला,
हातात मोबाइल.

खाली किराणावाला कुंजुमोन दुकानाबाहेर आला.
आभाळाकडे त्याने बघितलं
उधारी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.
"हा काय पाऊस? आमच्या आलप्पुळात याला शिंक म्हणतात,"
आणि आत जाऊन कांदे निवडत बसला.
तासाभराने तेच कांदे
पोटरीभर पाण्यात डुलत डुलत पार्किंगकडे निघाले,
तेव्हा शिंकेचा विषय कुणी काढला नाही.

मर्दानच्या शफाकतने चपला काढून काखेत मारल्या
आणि लग्नाला निघाल्यासारखा
भर रस्त्यातून सावकाश चालत गेला.

उस्ताद मेधत, कैरोचे, गणित शिकवतात.
त्यांनी फ्रिज, टीव्ही, दाराची बेलसुद्धा बंद केली,
मग जिन्यात उभं राहून
साऱ्या इमारतीला ओरडून सांगितलं, प्लग काढा, प्लग!

शेजारची मारिविक मात्र काही बोलली नाही.
बाटल्या भरल्या, मेणबत्त्या शोधल्या, फोन चार्जिंगला लावला,
आणि आमच्या दारात येऊन विचारलं,
"ह्याचं नाव काय?"
तिच्या बेटावर वादळांना नावं असतात,
माणसांसारखी,
नंतर शिव्या द्यायला बरी पडतात.
आम्हाला नाव माहीत नव्हतं.

आणि मालक, अबू हुमैद, ऐंशीच्या पुढचे,
गाडी पाण्यातच सोडून उतरले.
भाडं मागायला आले म्हणून दोघे जण माळ्यावर पळाले.
म्हाताऱ्याने डोक्यावरचा गुत्रा काढला, घडी केली, काखेत धरला,
आणि उघड्या डोक्याने नुसते उभे राहिले.
आत यायची घाई नाही. छत्रीवाल्याला हातानेच नको म्हणाले.
त्यांना टक्कल आहे हे त्या दिवशी कळलं.

आता घरातलं सांगते.
सिद्राम, माझा नवरा, मंगळवेढ्याचा.
त्याने बाल्कनीत बादली ठेवली.
मग टोप. मग कुकर. मग रेवाचा टिफिन, झाकणासकट.
"अरे, नळाला पाणी आहे," मी म्हटलं.
"आहे की," तो म्हणाला,
आणि परातही घेऊन गेला.

हसले मी त्याला.
हसता हसता बघते तर माझे हात
पासपोर्ट, रेवाचा दाखला, तांदळाची पिशवी
कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवत होते.
"चौथा मजला आहे गं," तो म्हणाला.
आहे. मला मोजता येतं.
पण मी चिपळूणची,
आणि वाशिष्ठी एकदा घर बघून गेली की
जिना चढायला ती कुणाला विचारत नाही.

मधे रेवा. पोहायचा चष्मा घालून
बाल्कनीच्या उंबऱ्यावर उभी.
एक पाय आत, एक बाहेर.

दुसऱ्या दिवशी टँकर आले,
जाड पाइपांनी गल्लीतलं पाणी शोषून घेऊ लागले.
शफाकतने टायर सुकवला. उस्तादांनी बेल लावली,
कुणी वाजवतंय का बघायला स्वतःच वाजवली.
रेवाने विचारलं, "कुठे नेतात ते?"
मारिविकला तिने परस्पर सांगून टाकलं होतं
की त्याचं नाव मंगळवार.

कुकरच्या तळाशी बोटभर वाळू बसली आहे.
वरचं पाणी नितळ.
सिद्राम ते ओतू देत नाही,
वरण दुसऱ्या भांड्यात शिजतंय.
मी काही बोलत नाही.
पासपोर्ट अजून वरच आहेत.